जास्त चावी दिली म्हणे!

मैत्रिणींनो, आज जेवणं आटोपली की कपाटाचा वरचा कप्पा जरा उघडून बघा. जुनी पासबुकं, लग्नाचे फोटो, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं, या सगळ्याच्या तळाशी बहुधा एक डबी सापडेल. डबीत चावीचं एक घड्याळ असेल. आईचं, सासूबाईंचं, नाहीतर मामंजींना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं. काटे कुठल्याशा वेळेवर थांबलेले. हे बंद का पडलं, असं घरात विचारा. बहुतेक घरांत एकच उत्तर मिळेल, "जास्त चावी दिली गेली, स्प्रिंग गेली."

जास्त चावी कोणी दिली, असं पुढे विचारलंत तर बोट हमखास घरातल्या बाईकडे नाहीतर पोराटोरांकडे वळतं. घड्याळ आपलं गप्प असतं. ते काही साक्ष द्यायला येत नाही.

हेच वाक्य माझ्या आईला ऐकावं लागलं, म्हणून आज लिहायला बसले. तिच्या घड्याळाच्या निमित्ताने जे कळलं ते तुमच्याही घरात उपयोगी पडेल.

सिस्टरचं घड्याळ

आई ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होती. गावात तिला सगळे 'सिस्टर'च म्हणत, अजूनही म्हणतात. १९७८ साली नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने एचएमटीचं 'जनता' घेतलं. पुरुषांचं घड्याळ! पांढरी तबकडी, त्यावर देवनागरीत लिहिलेलं 'जनता' आणि मधोमध फिरणारा सेकंद काटा. बायकांची तेव्हाची घड्याळं कशी नाजूक, सुपारीएवढी असत. दिसायला सुरेख, पण पुष्कळशा घड्याळांना सेकंद काटाच नसे. नाडी मोजायची म्हणजे सेकंद काटा हवा. अर्धा मिनिट ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. "पुरुषी घड्याळ काय घालता सिस्टर?" असं कोणी म्हटलं की आई म्हणायची, "पेशंटला दाखवायला नाही घालत, त्याची नाडी बघायला घालते."

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ती घड्याळ हातात घ्यायची. आधी चावी द्यायची, मग रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या 'पीप्-पीप्'वर वेळ मिळवायची आणि मगच मनगटावर बांधायची. २०१४ मध्ये निवृत्त झाल्यावरही तिचा हा नेम चुकला नाही.

चार वर्षांपूर्वी ते घड्याळ बंद पडलं. ती एकटीच बाजारात गेली आणि एका दुकानात दाखवून आली. दुकानातल्या मुलाने मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. चावी फिरवून बघितली, ती घट्ट लागली, आणि निकाल दिला, "आजी, जास्त चावी दिलीत. जुन्या घड्याळाला एवढं पिळायचं नसतं. याचे पार्ट आता मिळत नाहीत. सेलचं मशीन टाकून देऊ का?"

आई घड्याळ परत घेऊन आली. "असेल बाई, माझ्याच हातून झालं असेल," एवढंच म्हणाली. गोष्ट तेवढ्यावर मिटली असती तर मीही विसरून गेले असते. पण नंतर लक्षात आलं की भिंतीवरच्या घड्याळालाही ती किल्ली द्यायची बंद झाली होती. नातवाला हाक मारायची, "तू दे रे, माझा हात आता जड झालाय." छत्तीस वर्षं ज्या हाताने लहान लेकरांच्या शिरा अचूक शोधल्या, त्या हातावर तिचा स्वतःचाच भरवसा राहिला नव्हता. आणि तोही कशावरून, तर एका न उघडलेल्या घड्याळावरून.

मग मी तिला जिल्ह्याच्या गावी एका जुन्या घड्याळजींकडे घेऊन गेले. एसटी स्टँडच्या मागे, जिन्याखाली त्यांचं टेबल. डोळ्याला भिंग, समोर काचेच्या झाकणाखाली सुटे भाग. त्यांनी आमच्यासमोर मागचं झाकण काढलं, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "याला चावी कोण द्यायचं?"

"मीच," आई म्हणाली. आवाज अगदी आरोपीसारखा.

"सिस्टर, स्प्रिंग ठणठणीत आहे. पूर्ण भरलेली आहे. आणि चावीचा दांडा बघा, इतक्या वर्षांत जरासुद्धा वाकलेला नाही. चावी देणाऱ्याचा हात चांगला आहे." त्यांनी भिंग आईच्या हातात दिलं. "तेल वाळलंय. साफ करून नवं तेल दिलं की चालेल."

आठ दिवसांनी घड्याळ चालू होऊन घरी आलं. त्या रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली आईनेच दिली. नातवाला हाक मारली नाही.

आत नेमकं काय असतं?

घड्याळजींनी जे समजावलं ते मी पुढे वाचूनही पडताळून घेतलं. मनगटी घड्याळाच्या बाजूला जी दातेरी गुंडी असते, तिलाच आपण चावी म्हणतो. ती फिरवली की आतल्या एका गोल डबीत पोलादाची लांब, पातळ पट्टी गुंडाळली जाते. हीच मुख्य स्प्रिंग. गुंडाळलेली पट्टी उलगडायला बघते आणि तिच्या त्या ओढीवर सगळी चाकं फिरतात. आता ती एकदम उलगडली तर दिवसभराचे काटे क्षणात गरगर फिरून मोकळे होतील. म्हणून पुढे एक अडसर असतो. पंढरपूरच्या दर्शनबारीत सेवेकरी कसा एकेका माणसाला पुढे सोडतो, तसा हा अडसर चाकाचा एकेक दाता पुढे सोडतो. टिकटिक ऐकू येते ती त्याचीच. आणि कधी सोडायचं हे ठरवतं ते मागेपुढे झुलणारं एक चाक. त्याला केसासारखी बारीक स्प्रिंग असते, म्हणून तिचं नावच हेअरस्प्रिंग.

आईच्या 'जनता'त हे टिकटिकणं तासाला १८,००० वेळा होतं, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचा हिशेब केला तर ४ लाख ३२ हजार. इतक्या वेळा झिजायचं म्हणून चाकांच्या बारीक अक्षांना टेकायला माणकाचे खडे बसवलेले असतात. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं ते हेच सतरा खडे. ही माणकं कारखान्यात बनवलेली असतात. त्यामुळे ती काढून अंगठी करण्याचा विचार कोणी करू नये, मोल काही येणार नाही!

या खड्यांपाशी तेलाचा अगदी सुईच्या टोकाएवढा थेंब असतो. काही वर्षांत तो वाळतो, चिकट होतो. चाकं अडखळू लागतात. एक दिवस स्प्रिंग पूर्ण भरलेली असूनही तिची ओढ कमी पडते आणि घड्याळ थांबतं. आपण चावी फिरवून बघतो, ती घट्ट लागते, कारण स्प्रिंग भरलेलीच असते. मग घरात ठरतं की जास्त चावी दिली, म्हणून अडकलं.

आपल्या शिलाई मशीनचंच बघा ना. तेल न देता वर्षभर ठेवलं की ते जड चालतं, मग अडतं. तेव्हा कोणी म्हणतं का, की पायडल जास्त मारलं म्हणून मशीन बिघडलं? आपण गुपचूप तेलाची बुधली काढतो.

मग स्प्रिंग तुटतच नाही का? तुटते. जुनं पोलाद थकतं आणि कधीतरी तुटतं. पण त्याची खूण वेगळी आहे. स्प्रिंग तुटली की चावी बहुधा फिरतच राहते, घट्ट लागतच नाही. चावी देऊन बोट सोडल्याबरोबर ती सर्रकन उलटी फिरत असेल, तर तिला धरून ठेवणारा छोटा खटका गेलेला असतो. आणि चावी घट्ट आहे पण घड्याळ बंद आहे, असं असेल तर आधी संशय घ्यायचा तो वाळलेल्या तेलाचा आणि कचऱ्याचा. एवढ्या तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी दुकानात कोणी सहज काहीतरी गळ्यात मारू शकणार नाही.

हे बायकांचं काम नाही?

घड्याळ म्हणजे यंत्र आणि यंत्र म्हणजे पुरुषांचा प्रांत, अशी आपल्याकडे समजूत. पण मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच! १८१०मध्ये नेपल्सच्या राणीने, कॅरोलिन म्युराने, पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीकडे मनगटावर बांधायचं घड्याळ बनवायला दिलं होतं. त्यानंतर शंभर वर्षं पुरुष खिशातलंच घड्याळ वापरत. मनगटावरचं घड्याळ हा त्यांच्या लेखी बायकी दागिना होता. १९१४ ते १९१८च्या पहिल्या महायुद्धात खंदकात खिशातून घड्याळ काढत बसायला सवड मिळेना, तेव्हा कुठे हा दागिना पुरुषांच्या मनगटावर आला.

लंडनची रूथ बेलव्हिल तर वेळ विकून पोट भरायची. तिचे वडील ग्रिनिचच्या वेधशाळेत होते. तिथल्या घड्याळाशी आपलं घड्याळ मिळवायचं आणि शहरातल्या घड्याळजींना व दुकानदारांना नेऊन अचूक वेळ सांगायची, असा व्यवसाय त्यांनी १८३६मध्ये सुरू केला. १८५६मध्ये ते वारले. मग त्यांच्या विधवा पत्नीने, मारियाने, तो १८९२पर्यंत चालवला आणि तिच्यानंतर रूथने थेट १९४०पर्यंत. खिशात मावणारं एक जुनं घड्याळ एवढंच तिचं भांडवल. ते घड्याळ बनवणाऱ्याच्या नावावरून ती त्याला 'अर्नॉल्ड' म्हणायची. १९०८मध्ये तारेने वेळ पुरवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने भाषणात तिची टवाळी केली. ते वर्तमानपत्रांत छापून आलं आणि झालं उलटंच, बाईंचं नाव घरोघर पोचलं. काम सोडलं तेव्हा त्या शहाऐंशीच्या घरात होत्या.

आपल्याकडे एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळाचा कारखाना काढला. तिथे बारीक भाग जुळवायच्या कामाला पुष्कळ बायका होत्या. आई ते ऐकून म्हणाली, "मग माझं घड्याळ एखाद्या बाईनेच जोडलं असेल बघ." असेलही.

चावी द्यायची ती अशी

घड्याळ मनगटावरून काढून चावी द्यावी. हातात असताना दिली की बोट वाकडं पडतं, चावी वरच्या अंगाला ओढली जाते आणि तिचा बारीक दांडा हळूहळू वाकतो. डाव्या हाताच्या तळव्यात घड्याळ धरा, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत चावी धरा आणि पुढे फिरवा. बारीक करकर ऐकू येईल. मागे नेताना ती मोकळी जाते, तिचा काही त्रास नाही. निवांत फिरवा, पोळ्या करपतायत अशी घाई नको.

साधारण वीस ते तीस वेळा फिरवावी लागते, हा आकडा घड्याळागणिक बदलतो. शेवटी शेवटी चावी जड होते आणि मग स्पष्ट अडते. अडली की थांबायचं. जोर लावून आणखी अर्धा फेरा काढायला जाऊ नका, नुकसान त्यातच आहे. पण भीतीपोटी निम्म्यावर थांबण्याचीही गरज नाही. अर्धी भरलेली स्प्रिंग रात्री उशिरा ढिली पडते आणि घड्याळाची चाल बिघडते. रोज पूर्ण चावी, रोज एकाच वेळी. सकाळची वेळ सोयीची. दिवसभर हात हलतो, धक्के बसतात, तेव्हा स्प्रिंगची ओढ चांगली असते. एकदा पूर्ण चावी दिली की अशी बहुतेक घड्याळं दीड दिवसाच्या आसपास चालतात, म्हणून एखादे दिवशी तासदोनतास उशीर झाला तरी बिघडत नाही.

ऑटोमॅटिक घड्याळाची गोष्ट थोडी वेगळी. त्यात हाताच्या हालचालीने फिरणारं एक वजन असतं, ते स्प्रिंग भरत राहतं. तिथे स्प्रिंग भरली की ती आत घसरते, त्यामुळे चावी अडतच नाही. ते बिघडलं समजू नका. बरेच दिवस पडून असेल तर, चावीची सोय असल्यास, वीसेक फेरे देऊन मग घाला. डमरूसारखं खडखड हलवू नका.

वेळ मिळवताना

चावी बाहेर ओढायची ती नखाने, सरळ रेषेत. अडली तर हिसका देऊ नका, दांडाच हातात येतो. काटे शक्यतो पुढे फिरवूनच वेळ मिळवा. थोडे मागे न्यावे लागले तर साध्या घड्याळाला काही होत नाही, पण हात हळू हवा. वेळ मिळवली की चावी पुन्हा आत दाबायला विसरू नका. उघड्या राहिलेल्या चावीतून धूळ आणि ओल आत जाते.

तारखेच्या घड्याळाचं एक पथ्य आहे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात काटे असतील तर चावीने तारीख बदलायची नाही. त्या वेळी तारीख सरकवणारे दाते आधीच एकमेकांत गुंतलेले असतात, वरून जोर दिला की मोडतात. आधी काटे पुढे न्या, सहापाशी आणा, मग तारीख बदला. घड्याळात दिवस चालू आहे की रात्र, हे कळत नसेल तर काटे पुढे फिरवत राहा. तारीख उडी मारेल ती मध्यरात्र. तीस दिवसांच्या चार महिन्यांनंतर आणि फेब्रुवारीनंतर, अशी वर्षातून पाच वेळा तारीख आपणच दुरुस्त करायची असते. घड्याळाला कॅलेंडर वाचता येत नाही!

मिळवायचं कशाशी? मोबाइलवर दिसणारी वेळ आता हाताशी असतेच. पण रोज सेकंदासाठी भांडू नका. जुन्या चांगल्या घड्याळाने दिवसाला वीसेक सेकंद इकडेतिकडे केलं तर ते गुणी समजावं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे चार हजारांत एखाद्या सेकंदाची चूक. आमच्या किराण्याच्या हिशेबात याहून जास्त असते.

भिंतीवरचं घड्याळ

लंबकाच्या घड्याळाला बहुधा दोन भोकं असतात. बहुतेक घड्याळांत उजवं भोक वेळेचं, डावं ठोक्यांचं. आठवड्याचं घड्याळ असेल तर वार ठरवून टाका, आमचा रविवार आहे. किल्ली पूर्ण बसवून फिरवा आणि प्रत्येक फेऱ्यानंतर खटका लागेपर्यंत हातातून सोडू नका. मध्येच सुटली तर ती उलटी फिरून बोटं झोडपते आणि आतले दातेही मोडू शकतात.

ठोक्यांच्या घड्याळाचा मिनिट काटा मागे फिरवू नका. पुढे नेताना अर्ध्या तासावर आणि तासावर थांबा, सगळे ठोके वाजू द्या, मग पुढे. घाईत हे केलं नाही की चारला नऊ ठोके पडू लागतात आणि झोपलेली माणसं दचकून उठतात. घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालचा स्क्रू फिरवून गोळा किंचित वर घ्या, पुढे पळत असेल तर खाली. उन्हाळ्यात लंबकाची दांडी जराशी लांबते आणि घड्याळ मंदावतं, तो त्याचा दोष नाही. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं ऐकू येत नसेल तर घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलेलं आहे. घर बदलताना मात्र आधी लंबक काढा, मग घड्याळ उतरवा.

पाणी, वाफ आणि लोहचुंबक

जुन्या घड्याळाला पाणी चालत नाही. भांडी घासताना, कपडे धुताना, कुकरची शिट्टी काढताना ते हातात नको. काचेआड धुकं दिसलं तर उन्हात ठेवू नका, तांदळाच्या डब्यातही घालू नका. तांदळाची बारीक भुकटी आत जाते ती वेगळीच. त्याच दिवशी घड्याळजींकडे न्या. एक दिवसाचा उशीरही गंजाला पुरतो.

दुसरा शत्रू लोहचुंबक. पर्सचं चुंबकाचं बटण, मोबाइलचं तसंच कव्हर, स्पीकर, यांच्याजवळ घड्याळ ठेवू नका. चांगलं चालणारं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर ते चुंबकाच्या तावडीत सापडलेलं असू शकतं. घड्याळजींकडे एक छोटं यंत्र असतं, त्यावर मिनिटभरात काम होतं. तेवढ्यासाठी घड्याळ उघडायचीही गरज नसते.

चार-पाच वर्षांतून एकदा घड्याळ साफ करून तेल द्यायला हवं, चालत असलं तरी. आणि कपाटातून आत्ताच काढलेलं घड्याळ असेल तर ते सुरू होतंय का एवढं बघायला चार फेरे द्या, पण चालतंय म्हणून लगेच रोज वापरू नका. कोरड्या खड्यांवर अक्ष घासतात. आधी तेल, मग वापर.

दुकानात जाल तेव्हा

२०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळे जुन्या भागांना आता मोल आलंय. पुरुषांच्या एचएमटीला हौशी गिऱ्हाईक तरी आहे. बायकांची नाजूक घड्याळं मात्र कोणी विचारत नाही. आतलं यंत्र इतकं चिमुकलं की दुरुस्तीला वेळ जास्त, पैसे तेवढेच. म्हणून पुष्कळ दुकानांत "हे होणार नाही" असं आधीच सांगून टाकतात. एका ठिकाणी नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा.

झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा. आतलं यंत्र कसं दिसतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही बदलावं लागलं तर जुना भाग परत मागा. तबकडी नव्याने रंगवून चकचकीत करून देतो म्हणाले तर नको म्हणा, जुनी तबकडी पिवळी पडलेली असली तरी तीच खरी. आणि सेलचं मशीन टाकायला हो म्हणण्याआधी घरी येऊन एक रात्र विचार करा. एकदा मूळ यंत्र गेलं की आपल्या हाती उरते ती नुसती वरची केस.

मन लावून असं काम करणारे घड्याळजी आता गावागणिक एखादेच उरलेत, आणि तेही साठी-सत्तरीचे. त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नसतं. म्हणून "बघू दिवाळीनंतर" असं म्हणू नका. या आठवड्यातच डबी बाहेर काढा. घड्याळ ज्यांचं आहे त्या घरात असतील तर आधी त्यांच्या हातात द्या. कधी घेतलं, कोणी दिलं, कुठल्या पगारातून, ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. दुरुस्त होऊन आलं की घरातल्या मुलीला चावी द्यायला बसवा. तिने पहिल्यांदा घाबरत विचारलं, "आई, बास का?" तर सांगा, अजून फिरव, अडेल तेव्हा आपोआप कळेल.